विमान साडेसातला उतरणार, पण कोणाच्या साडेसातला? (मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, प्रवासाचा वेळ आणि घड्याळ)



आजचा पाठ पुस्तकातून नाही, तर आमच्या मानकोलीच्या वर्गातल्या एका मुलीच्या रडण्यातून तयार झाला. म्हणून आधी तो प्रसंग सांगते, मग गणित आणि भूगोलाकडे वळूया.

जानेवारी महिना होता. सकाळी परिपाठ झाला, हजेरी घेतली. पाचवीतली एक मुलगी खाली मान घालून बसली होती, डोळे सुजलेले. जवळ बोलावलं तर हुंदके देत म्हणाली, "मॅडम, पप्पांचं विमान साडेसातला पोचणार होतं. आता अकरा वाजले. फोनच नाही आला. मम्मी देवासमोर बसून आहे."

तिचे वडील मालवाहू जहाजावर काम करतात. त्यांचं जहाज अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या बंदरात होतं, म्हणून कंपनीने त्यांना मुंबईहून विमानाने तिकडे पाठवलं होतं. परदेशी विमान म्हणजे तीन तास आधी हजर राहायचं आणि आपल्या नाक्यावरचं ट्रॅफिक तर तुम्हाला माहीतच आहे! त्यामुळे ते आदल्या रात्री आठलाच घरातून निघाले होते. मी तिच्या आईला फोन लावला आणि तिकिटाचा फोटो मागवला. त्यावर असं लिहिलं होतं :

मुंबईहून निघणार : रात्री १:३०
न्यूयॉर्कला पोहोचणार : सकाळी ७:३० (तारीख तीच)

घरातल्यांनी साधा हिशोब केला होता. दीडपासून साडेसातपर्यंत सहा तास. सहा तास झाले, वर आणखी साडेतीन तास गेले, तरी फोन नाही. मग काळजी वाटणारच ना! खरं सांगू का, पहिल्या क्षणी मीसुद्धा गोंधळले. सहाच तास? इतक्या लांब? आणि मग लक्षात आलं. तिकिटावर दोन वेळा आहेत, पण त्या एका घड्याळाच्या नाहीत. दीड आपल्या घड्याळाचे आणि साडेसात न्यूयॉर्कच्या घड्याळाचे.

त्या दिवशी आम्ही भाषेचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

१) अंतर किती?
२) प्रवासाला तास किती लागतात?
३) तिथल्या घड्याळात किती वाजलेले असतात?

हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची सरमिसळ केली की गोंधळ होतो. चला तर मग, एकेक प्रश्न सोडवूया.

प्रश्न पहिला : अंतर किती?

भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या. मुंबईवर पट्टी ठेवा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ठेवा आणि रेघ ओढा. ही रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. मुलं म्हणतात, "हाच जवळचा रस्ता, सरळ आहे की!"

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. काय दिसतं? दोरा पश्चिमेला जातच नाही! तो मुंबईतून उत्तरेकडे चढतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंड-स्वीडनकडून आइसलंडच्या बाजूला जातो. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो आणि न्यूयॉर्कला पोहोचतो.

असं का होतं? कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला गेलात तर ती फाटते किंवा ताणली जाते. नकाशातही तसंच होतं. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग ताणला जातो, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं मोठं दिसतं. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा भाग असतो. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. ताणलेला दोरा आपोआप त्याच वर्तुळावर बसतो.

कृती : दोऱ्याने अंतर मोजा

साहित्य : पृथ्वीगोल, दोरा, पट्टी.

- विषुववृत्तावरून दोरा एकदा पूर्ण गुंडाळा आणि मोजा. आमच्या शाळेतल्या गोलावर तो ९६ सेंटिमीटर भरला.
- पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर = ४०,००० ÷ ९६ = सुमारे ४१७ किलोमीटर.
- आता मुंबई ते न्यूयॉर्क दोरा मोजा. तो ३० सेंटिमीटर भरतो.
- ३० × ४१७ = १२,५१० किलोमीटर.

खरं हवाई अंतरही सुमारे १२,५०० किलोमीटरच आहे. एका दोऱ्यात एवढं अचूक उत्तर मिळाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या! आणि नकाशावरच्या त्या 'सरळ' रेघेने गेलो असतो तर? जहाजांसाठी वापरतात त्या मर्केटर नकाशावरच्या सरळ रेघेने हे अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होतं. म्हणजे १,७०० किलोमीटर जास्त, विमानाच्या वेगाने जवळजवळ दोन तास.

पृथ्वीगोल नसेल तर चेंडूवर पेनाने दोन ठिपके देऊन दोरा ताणा. अंतर अचूक येणार नाही, पण मार्ग वर का चढतो ते नक्की समजेल.

प्रश्न दुसरा : तास किती लागतात?

वेळ = अंतर ÷ वेग. हे सूत्र मुलांना पाठ असतं. पण आमच्या मुलांना ते ट्रकवरून लवकर कळतं. मानकोलीच्या गोडाऊनमधून माल भरलेला ट्रक नाशिकला निघाला. अंतर सुमारे १४० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. १४० ÷ ४० = साडेतीन तास. एका मुलाचे वडील ट्रक चालवतात, तो लगेच म्हणाला, "मॅडम, कसारा घाटात अडकले तर पाच तास पण लागतात." शाबास! तोच तर आजचा मुद्दा आहे. सूत्रातला वेग म्हणजे सरासरी वेग आणि तो रस्त्यातल्या अडचणींवर ठरतो.

मोठं प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं. १२,५०० ÷ ९०० = जवळजवळ १४ तास. पण न्यूयॉर्कला जाताना प्रत्यक्षात साधारण १६ तास किंवा थोडे जास्तच लागतात. वरचे दोन-अडीच तास कशाचे? आकाशात पण घाट असतो का? असतो, तीन प्रकारचा.

(अ) वारा. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. आपण पश्चिमेला जातो तेव्हा ते समोरून येतात. सायकलवर वाऱ्याविरुद्ध पायडल मारताना कसं होतं? तसंच. परत येताना मात्र तोच वारा पाठीमागून ढकलतो. म्हणून एकाच मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा असतो.

(आ) बंद आकाश. प्रत्येक देशाची जमिनीसारखी हवाई हद्द असते आणि तिथून जायला परवानगी लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैमध्ये उघडली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद केली. आपला दोरा तर पाकिस्तानवरूनच जात होता! मग विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. दोन देशांचं भांडण झालं की प्रवाशांचे तास वाढतात, इंधनही वाढतं.

(इ) उड्डाण आणि उतरणं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत हळू चालणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली येणं, या सगळ्यात वेग कमी असतो.

आता हिशोब करूया. समजा वळसा धरून मार्ग १३,२०० किलोमीटरचा झाला. वारा आणि बाकी सगळं धरून जातानाचा सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर पडला.
१३,२०० ÷ ८०० = १६.५ तास, म्हणजे साडेसोळा तास.
येताना वाऱ्याची मदत, सरासरी ९५० धरू.
१३,२०० ÷ ९५० = सुमारे १४ तास.
अंतर तेवढंच, पण अडीच तासांचा फरक!

इथे दरवर्षी एखादं मूल हमखास एक प्रश्न विचारतं : "मॅडम, पृथ्वी फिरते ना? मग विमान वर जाऊन नुसतं थांबलं तरी खाली न्यूयॉर्क यायला पाहिजे." प्रश्न भारी आहे, हसू नका. उत्तर असं की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलमध्ये चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात जाऊन पडतो का? नाही, आपल्याच हातात येतो. तसंच हे.

प्रश्न तिसरा : तिथे किती वाजलेत?

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. ३६० ÷ २४ = १५. म्हणजे एका तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेला सूर्य आधी उगवतो, म्हणून पूर्वेची घड्याळं पुढे आणि पश्चिमेची मागे.

भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. न्यूयॉर्कची प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावरून. दोघांमधलं अंतर :
८२.५ + ७५ = १५७.५ अंश
१५७.५ ÷ १५ = १०.५ तास

म्हणजे न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. (एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला म्हणून बेरीज केली. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती.) एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे करतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा असतो. आपला प्रसंग जानेवारीतला, म्हणून साडेदहा.

घड्याळ माणसांनी ठरवायचं असतं, हे आपल्या मुंबईलाही माहीत आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे एकाच शहरात दोन वेळा! "कुठल्या घड्याळाने?" हा प्रश्न तेव्हा मुंबईकरांना रोजच विचारावा लागत असणार.

आता तिकीट पुन्हा वाचूया

न्यूयॉर्कचे सकाळी ७:३० + १०:३० = भारतातले संध्याकाळी ६:००.
निघाले रात्री १:३०, उतरणार संध्याकाळी ६:००.
प्रवास = १६ तास ३० मिनिटे.

बघा, दुसऱ्या प्रश्नात आलेलं उत्तर आणि हे उत्तर जुळलं! फळ्यावर हे आलं तेव्हा वर्गात शांतता होती. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे मॅडम, पप्पा अजून आकाशातच आहेत?"

"हो बाळा. आता अकरा वाजून गेलेत. त्यांचे अजून साडेसहा-सात तास बाकी आहेत."

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशोब उतरवून घेतला. मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, "ताई, विमान संध्याकाळी सहाला उतरेल. बाहेर पडून फोन करेपर्यंत सात वाजतील. तोपर्यंत जेवून घ्या." पण मुलीला तेवढ्यावर चैन नव्हतं. मधल्या सुट्टीत ती घरी पळाली आणि आईला वही दाखवून आली. संध्याकाळी पावणेसातला माझ्या मोबाईलवर मेसेज आला : "मॅडम, फोन आला. पोचले."

मित्रांनो, रेखावृत्त आणि प्रमाणवेळ आपण परीक्षेत दोन गुणांसाठी शिकवतो. त्या दिवशी एका घरात दुपारचं जेवण झालं ते या दोन गुणांच्या धड्यामुळे. मला वाटतं, एवढं पुरे आहे.

परतीचा प्रवास : इथे उलटी चूक होते

न्यूयॉर्कहून निघणार : सकाळी ११:३०
मुंबईला पोहोचणार : दुसऱ्या दिवशी दुपारी १२:००

नुसतं बघितलं तर २४ तास ३० मिनिटे! पण त्यातून १०:३० वजा केले की उरतात १४ तास. म्हणून नियम पाठ करा :
पश्चिमेला जाताना घड्याळातल्या फरकात वेळ मिळवा, पूर्वेला येताना वजा करा.
किंवा त्याहून सोपं : दोन्ही वेळा आधी भारताच्या घड्याळात बदला, मगच वजाबाकी करा.

शेजारच्या कल्याणची मुलगी आणि ५८ दिवस

हाच प्रवास पूर्वी कसा होता? त्यासाठी लांब जायला नको, आपल्या मानकोलीहून जवळच असलेल्या कल्याणला जाऊया. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणमध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. मुलांना दिवस मोजायला लावा : एप्रिलचे २३, मेचे ३१, जूनचे ४. एकूण ५८ दिवस! घरच्यांना त्या सुखरूप पोहोचल्या हे कळायला पत्राची वाट पाहायची. आपण साडेतीन तासांत घाबरलो.

पुढचे टप्पे असे :

- १५ ऑक्टोबर १९३२ : जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन छोट्या विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले.
- ८ जून १९४८ : एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते लंडनला गेलं.
- १९६० : एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली, लंडनमार्गे.
- १ ऑगस्ट २००७ : एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क कुठेही न थांबता जाणारी सेवा सुरू केली.

या सगळ्या काळात अंतर काही कमी झालं नाही. मुंबई जिथे होती तिथेच आहे, न्यूयॉर्कही तिथेच. कमी झाले ते तास. म्हणून "न्यूयॉर्क किती लांब आहे?" याचं उत्तर किलोमीटरमध्ये एकच असतं, पण तासांमध्ये दरवेळी वेगळं असतं. आमच्या मुलांना हे पटवून द्यावं लागत नाही. मानकोली ते मुंबई विमानतळ रस्त्याने साधारण ३५ किलोमीटर. रविवारी पहाटे एक तास, आणि खारेगाव-माजिवड्याला कंटेनर अडकला तर तीन तास!

सराव : वहीत सोडवा

१) मुंबईहून पहाटे ४:०० ला निघालेलं विमान दुबईला तिथल्या ५:४५ ला उतरतं. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. प्रवास किती तासांचा?

२) जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. लंडनहून रात्री ९:३० ला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ११:४५ ला मुंबईत उतरतं. प्रवास किती?

३) जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आणलं. ते ९ जानेवारीच्या रात्री निघालं आणि ११ जानेवारीच्या पहाटे उतरलं. प्रवास मात्र सुमारे १७ तासांचाच! सॅन फ्रान्सिस्को तेव्हा आपल्या साडेतेरा तास मागे होतं. रात्री ८:३० ला निघालं असं धरा आणि कोडं सोडवा.

४) तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कोणी दुबई, सौदी, कुवेत, लंडन, अमेरिका इथे आहे का? त्यांच्या गावाचा वेळेतला फरक शोधा. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की त्यांच्याकडे किती वाजतात, ते लिहा.

उत्तरं :
१) १:४५ + १:३० = ३ तास १५ मिनिटे.
२) १४:१५ − ५:३० = ८ तास ४५ मिनिटे.
३) निघताना भारतात १० जानेवारीचे सकाळचे १०:०० वाजले होते. त्यात १७ तास मिळवा, ११ जानेवारीचे पहाटेचे ३:०० झाले.
४) हे उत्तर तुमच्या घरात आहे. फोन करून विचारा, त्यांनाही बरं वाटेल.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हा पाठ घेताना खरं तिकीट समोर ठेवा. वर्गात एखाद्याच्या घरी नक्की सापडतं, नाहीतर फळ्यावर स्वतःच बनवा. आधी मुलांना चूक करू द्या, सहा तास म्हणू द्या, मग दोरा हातात द्या. आणि पालकांनो, घरातलं माणूस परदेशी निघालं की तिकिटावरची पोहोचण्याची वेळ आपल्या घड्याळात बदलून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती फ्रिजवर किंवा देवघराजवळ लावून ठेवा. आमच्या त्या मुलीच्या घरी आता तशी चिठ्ठी असते. हिशोब तीच करते.

पुन्हा भेटूया पुढच्या पाठात.